आंबोणातलं विष दुधात कसं उतरतं, आणि ते गव्हाणीतच कसं अडवायचं

दुधाची धास्ती घेणारा माणूस युरिया, साबण आणि पाण्याबद्दल विचारतो. गाईने काल काय खाल्लं हे कुणी विचारत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने त्यात १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीपासूनचं विष मर्यादेपेक्षा जास्त असलेले मात्र ३६८ होते. हे कुणी कॅनमध्ये ओतत नाही. जनावराच्या पोटातून, खाद्याच्या वाटेने ते दुधात येतं.

मराठवाड्यात नव्याने दोन-चार दुभती जनावरं बांधणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. मोंढ्यातून पेंडीचं पोतं आणण्याआधी एकदा वाचून घ्या.

आधी विषाचा हिशोब

ॲस्परजिलस जातीची बुरशी मका, सरकी, शेंगदाणा, त्यांच्या पेंडी अशा मालावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन बी-१ नावाचं विष तयार करते. गाईने ते खाल्लं की यकृतात त्याचं एम-१ होतं आणि १२ ते २४ तासांत दुधात दिसू लागतं. खराब खाद्य बंद केल्यावर साधारण ३-४ दिवसांत दूध पुन्हा साफ होतं.

खाद्यातल्या बी-१ पैकी साधारण १ ते २ टक्के भाग दुधात उतरतो. जास्त दूध देणाऱ्या गाईत तो ६ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. समजा गाय रोज ४ किलो आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) खाते आणि त्यात किलोमागे ५० मायक्रोग्रॅम बी-१ आहे. म्हणजे पोटात गेलं २०० मायक्रोग्रॅम. त्याचे २ टक्के म्हणजे ४ मायक्रोग्रॅम दुधात आले. दूध ८ लिटर असेल तर लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम पडला. आपल्याकडे दुधातल्या एम-१ ची कमाल मर्यादा किलोला नेमकी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. थोडक्यात, किलोला ५० मायक्रोग्रॅमचं आंबोण दूध सीमेवर नेऊन ठेवतं. म्हणूनच पशुखाद्याच्या भारतीय मानकात बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम, म्हणजेच २० पीपीबी ठेवली आहे. एका टनात २० मिलिग्रॅम! एवढंसं विष डोळ्याला दिसणार नाही, जिभेला कळणार नाही.

दूध उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. एम-१ दुधातल्या केसीन प्रथिनाला चिकटून राहतं, त्यामुळे पनीरमध्ये ते दुधापेक्षा दाट होतं. खव्यात तर ५ लिटर दूध आटून किलोभर माल उरतो आणि विष मात्र सगळं तिथेच राहतं. भूम-कुंथलगिरीकडच्या खवा भट्ट्यांना दूध घालणाऱ्यांनी हा गुणाकार ध्यानात ठेवावा.

माणसाने थेट बुरशीचं धान्य खाल्लं तर काय होतं, त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत भिजलेला, बुरसटलेला मका खाण्यात आला. त्यात ३९७ जण कावीळ होऊन आजारी पडले आणि १०६ दगावले. त्याच घरांतली कुत्रीही मेली. दुधातून येणारी मात्रा याच्यापुढे फार थोडी असते, त्यामुळे एका कप चहाने कुणी आजारी पडणार नाही. प्रश्न रोज दूध पिणाऱ्या लहान लेकरांचा आहे.

आपल्याकडे धोका कधी वाढतो

वर्षात दोन वेळा. पहिली, दाणे भरताना पाऊस ताण देतो तेव्हा. ताण बसलेल्या मक्याच्या कणसात, भुईमुगाच्या शेंगेत बुरशी शेतातच शिरते, म्हणजे दुष्काळी सालातला कोरडा दिसणारा मालही निर्धोक नसतो. दुसरी, परतीचा पाऊस काढणीवर पडतो तेव्हा. मका, सोयाबीन आणि फुटलेला कापूस भिजतो, ओली सरकी जिनिंगमधून तेलगिरणीत जाते आणि तिची पेंड दिवाळीनंतर आपल्या गोठ्यात येते. भिजलेल्या सोयाबीनचं काळं पडलेलं भुसकट आणि पावसात सापडलेली मक्याची कणसं ‘जनावराला चालतंय’ म्हणून बाजूला ठेवली जातात. इथेच गफलत होते. माणसाला न चालणारा माल दुभत्या जनावराला घातला, तर तो दुधातून फिरून घरातच येतो.

पायरी १ : खरेदी

तयार गोळीपेंड म्हणजे सुग्रास घेत असाल, तर पोत्यावर आयएसआय चिन्ह आणि ‘आयएस २०५२’ हा क्रमांक पाहा. चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही, दोन्ही दिसतं. मानकानुसार ओलावा ११ टक्क्यांच्या वर नसावा. प्रथिनं टाइप-१ मध्ये किमान २२ आणि टाइप-२ मध्ये किमान २० टक्के हवीत. उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि वजन छापलेलं नसेल तर पोतं घेऊ नका. पोत्याची शिवण पाहा. कारखान्याची शिवण एकसारखी असते, हाताने पुन्हा शिवलेलं तोंड लगेच ओळखू येतं.

सरकी पेंडीचं तसं नाही. ती बहुतेक सुट्टी, तोंडी भावाने विकली जाते आणि भेसळही तिच्यातच जास्त होते. टरफल, माती, वाळू, लाकडाचा भुसा, जुनी काळी पेंड दळून मिसळलेली, वरून पिवळा रंग. चांगली पेंड तुकडा मोडला की आतून पिवळट-हिरवट दिसते, तिला तेलाचा सौम्य वास येतो, आणि पाण्यात घातली की अर्ध्या तासात फुगून विरघळते. आतून काळपट, जाळीदार, कुबट वासाची पेंड स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

आता युरियाची गोष्ट. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १०० किलो पेंडीत १ किलो युरिया टाकला की कागदावर प्रथिनं जवळजवळ २.९ टक्क्यांनी वाढतात. आणि अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते! चीनमध्ये २००८ साली दुधाच्या भुकटीत मेलामाइन हे नायट्रोजन असलेलं रसायन याच हिशोबाने टाकलं होतं. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, ६ दगावली. तेव्हा ‘आमच्या पेंडीत प्रथिनं जास्त’ असा कागद दुकानदार दाखवू लागला, तर त्यात युरिया किती, हाही आकडा मागा.

बिल घ्या. पक्कं, तारखेचं, मालाचं नाव आणि बॅच लिहिलेलं. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पायरी २ : घरच्या चाचण्या, आणि त्यांची मर्यादा

माती-वाळूसाठी: काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी, त्यात १०० ग्रॅम चुरलेली पेंड. ढवळा, १० मिनिटं थांबा. वाळू तळाला जाते, भुसा आणि टरफल वर तरंगतं. वरचं सगळं हळूच ओतून तळाचा गाळ वाळवून तोला. १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम वाळू निघाली तर तुम्ही पेंडीच्या भावाने रेती घेतली.

रंगासाठी: ओल्या पांढऱ्या कपड्यात पेंड १० मिनिटं गुंडाळून ठेवा. फिकट डाग पडणारच. गडद पिवळा किंवा नारिंगी डाग पडला तर रंग लावलेला आहे.

युरियासाठी: १० ग्रॅम पेंड ५० मिली कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी गाळून घ्या. त्यात कच्च्या सोयाबीनचं चमचाभर पीठ टाकून ५ मिनिटं थांबा आणि लाल लिटमस कागद बुडवा. कागद निळा झाला तर युरिया आहे. सोयाबीनमधलं युरिएज हे द्रव्य युरियाचा अमोनिया करतं, त्यावर ही चाचणी चालते. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठात ते मेलेलं असतं, म्हणून पीठ कच्चंच हवं. सोबत नुसत्या पाण्यात तेच पीठ टाकून दुसरा कागद बुडवून ठेवा, म्हणजे तुलना होते. टाइप-२ च्या गोळीपेंडीत थोडा युरिया चालतो, त्यामुळे तिथे कागद निळा झाला म्हणजे लगेच भेसळ असं नाही. सरकी पेंडीत मात्र युरियाचं काहीच काम नाही.

मक्याच्या ओलाव्यासाठी: कोरड्या काचेच्या बरणीत पाऊण भाग मका आणि तव्यावर कोरडं केलेलं २ चमचे मीठ. झाकण लावून हलवा, १५ मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, मका अजून वाळवायचा आहे. मोकळं पडलं तर साठवायला जवळपास तयार आहे.

यांपैकी एकही चाचणी अफ्लाटॉक्सिन दाखवत नाही. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली फुटका मका किंवा सरकी हिरवट-पिवळी चमकते, हे खरं आहे. ती बुरशी येऊन गेल्याची खूण आहे, विषाचं माप नाही, आणि माल जुना झाला की चमकही जाते. चमक दिसली तर माल घेऊ नका, दिसली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. एवढाच तिचा उपयोग.

पायरी ३ : साठवण

चांगला आणलेला माल गोठ्यात खराब होतो, आणि दोष पेंडवाल्याला जातो. पावसाळ्यात १५ दिवसांपुरताच साठा करा. पोती फरशीवर नकोत. लाकडी फळ्या किंवा विटांवर अर्धा फूट उंच, भिंतीपासून एक फूट लांब ठेवा. पत्र्याच्या आखाड्यावर (शेतातल्या शेडमध्ये) एक गोष्ट हटकून होते. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार पडतो, आतल्या हवेची वाफ पत्र्याला लागून थेंब थेंब पोत्यांवर गळते. पाऊस नसताना वरचंच पोतं का बुरसटलं याचं उत्तर तिथे आहे. पत्र्याखाली तट्ट्याचं किंवा गोणपाटाचं छत करा आणि वर हवा जायला फट ठेवा. पोत्यांवर प्लास्टिक घट्ट पांघरणं हा उपाय नाही, त्याने वाफ आतच कोंडते.

आधी आलेलं पोतं आधी संपवा. प्रत्येकावर खडूने तारीख लिहा. उघडलेलं पोतं पत्र्याच्या पिंपात ओता. गव्हाणीत उरलेलं ओलं आंबोण रोज काढा, उन्हाळ्यातही. कालच्या आंबोणावर आजचं टाकलं की गव्हाणीच्या कोपऱ्यात कायमची बुरशी बसते.

कडब्याची बनीम रचताना खाली तुराट्या किंवा दगडांचा थर द्या, वरचा माथा उतरता ठेवा. पाऊस आत गेलेल्या पेंढ्या वेगळ्या काढा. ओलसर गुळी आणि भुसकट कोरड्या ढिगावर टाकू नका.

खताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या गोणीत पेंड, चुणी, भरडा कधीच भरू नका. पेरणीतून उरलेलं बियाणं, गुलाबी-निळ्या रंगाचं, बुरशीनाशक लावलेलं, धुऊनसुद्धा जनावराला घालायचं नाही. ते धुतल्याने निघत नाही. तणनाशक मारलेल्या बांधावरचं गवत तसंच. आणि पाऊस लांबल्यावर सुकलेली, गुडघाभर कोवळी ज्वारी दिसली की जनावर सोडू नका. तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, किराळ लागते, म्हणजे त्याची विषबाधा होते, आणि तासाभरात जनावर जातं. फुलोऱ्यानंतर कापा, तोपर्यंत थांबा.

पायरी ४ : घरी आंबोण करायचं असेल तर

लातूरच्या डाळमिलांमुळे तूर-हरभऱ्याची चुणी आपल्याकडे चांगली मिळते, तिचा फायदा घ्या. १०० किलोसाठी एक चालणारं प्रमाण:

मका भरडा ३० किलो, सरकी पेंड २०, सोयाबीन पेंड १५, चुणी २०, गव्हाचा कोंडा १२, खनिज मिश्रण २, मीठ १.

यात प्रथिनं साधारण १८ टक्के पडतात. शरीर पोसायला दीड किलोपर्यंत आणि गाईच्या दर लिटर दुधामागे सुमारे ४०० ग्रॅम, असा हिशोब धरा. म्हशीला दुधामागे ५०० ग्रॅम. मका १२-१३ टक्के ओलाव्यापर्यंत ताडपत्रीवर वाळवूनच भरडा, आणि भरडा एका वेळी पंधरवड्यापुरताच काढा. अख्ख्या दाण्यापेक्षा भरडलेला लवकर बुरसटतो. चार महिन्यांखालच्या वासरांना सरकी पेंड नको. तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना पचत नाही.

नवं आंबोण ७ ते १० दिवसांत हळूहळू वाढवा.

पायरी ५ : माल खराब निघाला तर

वरची बुरशी खरवडून उरलेलं घालायचं नाही. बुरशी जिथे दिसते तिथपर्यंतच विष असतं असं नाही. ऊन दाखवल्याने बुरशी मरते, विष राहतं. शिजवूनही राहतं. चांगल्या मालात मिसळून ‘संपवून टाकायचं’ हा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकला की विष सगळ्या गोठ्यात वाटलं जातं. कोंबड्यांना घालणं तर सगळ्यात वाईट, पिल्लं जनावरांपेक्षा लवकर मरतात. नाकाला फडकं बांधून, विहीर आणि ओढ्यापासून लांब, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. पण त्याआधी नमुना काढून ठेवा.

बाजारात बेंटोनाइट किंवा यीस्टवर आधारलेले ‘टॉक्सिन बाइंडर’ मिळतात. पोटातलं अफ्लाटॉक्सिन काही प्रमाणात ते धरून ठेवतात. पशुवैद्यकाला विचारून पावसाळ्यात वापरायला हरकत नाही. बुरसटलेला माल घालायची ती परवानगी नव्हे.

पायरी ६ : जनावर आजारी पडलं तर

अफ्लाटॉक्सिनची लक्षणं हळू येतात. दूध घटतं, आंबोण निम्मं टाकतं, केस राठ होतात, कासदाह वारंवार होतो, लस घेऊनही रोग लागतो. मोठी मात्रा गेली तर कावीळ आणि गर्भपातही. युरियाची विषबाधा उलट झटपट दिसते. खाल्ल्यापासून अर्ध्या-एक तासात पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं.

दोन्हींत पहिलं काम तेच. संशयित खाद्य तिथेच थांबवा आणि १९६२ वर फोन करून फिरता दवाखाना बोलवा. युरियाच्या वेळी भरपूर थंड पाण्यात व्हिनेगर पाजतात, पण किती आणि कसं ते डॉक्टरला फोनवर विचारूनच. आडव्या पडलेल्या जनावराला पाजायला गेलात तर पाणी फुफ्फुसात जातं.

आंबोण एकदम बंद केलं म्हणून त्याच दिवशी नुसता मका भरपूर ओतू नका. त्याने पोटात आम्ल वाढून दुसरंच दुखणं उभं राहतं. दोन-तीन दिवस चांगला कडबा आणि थोडा कोंडा पुरे. दूध चार दिवस वेगळं ठेवा, डेअरीला घालू नका. संकलन केंद्राला आधी सांगितलंत तर एका कॅनमुळे सगळी टाकी वाया जात नाही.

पायरी ७ : नमुना आणि तक्रार

अफ्लाटॉक्सिन पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एका मुठीत काहीच नाही, शेजारच्या मुठीत भरपूर, असं होतं. त्यामुळे वरची एक मूठ पिशवीत भरून पाठवली तर आलेला अहवाल कशाचाच नसतो. पोत्यातून दाणे काढायची परखी घ्या, दहा पोती असतील तर दहाही पोत्यांतून, प्रत्येकी वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी टोचा. सगळं एकत्र करून स्वच्छ ताडपत्रीवर ढीग करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन बाजूला करा. दीड-दोन किलो उरेपर्यंत हेच. त्याचे तीन सारखे भाग करून कागदी किंवा कापडी पिशव्यांत भरा. प्लास्टिकमध्ये ओलसर माल वाटेतच अजून बुरसटतो. प्रत्येकावर तारीख, बॅच, दुकानाचं नाव, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि लाखेची मोहोर. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक घरात कोरड्या जागी.

कुठे तपासायचं हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतूनही सल्ला मिळतो. खासगी प्रयोगशाळा निवडताना अफ्लाटॉक्सिन बी-१ च्या चाचणीसाठी तिला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का, ते पाहा. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीवार असते. जनावर दगावलं असेल तर शवविच्छेदन आणि पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. विषबाधेचे अवयव पोलिसांमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातात, आणि विम्यालाही तेच कागद लागतात.

तक्रार कुठे करायची यात बरेच जण चुकतात. अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. म्हणून पेंडीची तक्रार घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे गेलात की हात हलवत परत यावं लागतं. दूध, खवा, पनीर यांबद्दल शंका असेल तर त्यांचा क्रमांक १८००-२२२-३६५. पेंडीचं वजन कमी भरलं किंवा पोत्यावरची माहिती अपुरी असली तर वैधमापन कार्यालय. आयएसआय चिन्ह खोटं असलं तर त्याच बीआयएस केअर ॲपमधून तक्रार. नुकसानभरपाईसाठी आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे सीलबंद नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पशुवैद्यकाचा दाखला, रोजच्या दुधाची डेअरीची पावती आणि पेंडीचं बिल, एवढी पाच कागदपत्रं-वस्तू मांडावी लागतात. पावत्यांवरून दूध कोणत्या तारखेला घटलं ते दिसतं, बिलावरून पेंडीचं पोतं कधी घेतलं ते जुळवता येतं.